विचारपूस

मागच्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीत एक सभा झाली. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी सुरुवातीलाच प्रश्न टाकला, "गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी किती जणांनी मंडळीबाहेरच्या कुणाला तरी येशूची सुवार्ता सांगितली? हात वर करा." साठ-सत्तर माणसं बसली होती. चार-पाच हात वर गेले, तेही खांद्याच्या पुढं सरकले नाहीत. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. पुढचा अर्धा तास आमच्या उदासीनतेवर बोलणं झालं, आणि शेवटच्या गीताला सगळ्यांचे आवाज बारीक झाले होते.

माझीही मान खाली होती. पण घरी परतताना वाटायला लागलं की तो प्रश्न उलट्या बाजूनं विचारला गेला. विचारायचं तर असं विचारायला हवं होतं: गेल्या वर्षभरात मंडळीबाहेरच्या किती जणांनी तुम्हाला आपल्या मनातलं सांगितलं? त्यालाही फार हात वर गेले नसते. आमची खरी उणीव तिथं आहे, असं मला वाटतं. आम्ही बोलत नाही हे खरंच आहे, पण त्याच्याही आधी आम्ही ऐकत नाही. समोरच्याच्या जिवाला काय लागलंय हे आम्हाला दिसतच नाही. ते न दिसता सांगितलेली सुवार्ता पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखी कुठं तरी पडून राहते.

ख्रिस्ती माणसानं शेजाऱ्याला आपल्या विश्वासाबद्दल सांगावं का, आणि सांगायचं तर कसं, हा प्रश्न आता चर्चच्या भिंतींआड राहिलेला नाही. तो निवडणुकीच्या सभांत येतो, वर्तमानपत्रांत येतो, आमच्या गल्लीच्या कट्ट्यावरही येतो. एक बाजू म्हणते, धर्म ज्याचा त्याच्या घरात, बाहेर काढूच नका. दुसरी बाजू म्हणते, येशूची आज्ञा आहे, सांगत सुटा, ऐकणारा ऐको न ऐको. मी या दोन्हींशी सहमत नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. मी कोल्हापूरची. चौतीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं आणि आता निवृत्त आहे. माणूस आजारी पडला की त्याच्या घरच्यांच्या तोंडून रात्री तीन वाजता जे बाहेर पडतं, ते मी भरपूर ऐकलंय. त्यातलं बरंचसं ऐकूनही मला कळलं नाही, हेही इथं सांगायला हवं.

एक रात्र अजून विसरता येत नाही. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेन. पन्हाळ्याकडच्या एका बाईचा नवरा अतिदक्षता विभागात होता. ती दोन रात्री दाराशी बसून होती, पदर डोक्यावर, पायाशी पिशवी. रात्री औषधांची फेरी संपवून मी बाहेर आले तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, एक इचारू व्हय? गेल्या साली जोतिबाला जायचं ठरलं हुतं. ह्यांनी किती वेळा म्हटलं, पर मीच गेलो न्हाई. त्यामुळं झालं असंल का हो हे?"

त्याच्याच दोन आठवडे आधी मी एका शिबिराला जाऊन आले होते. सुवार्ता कशी सांगायची ते तिथं पायरीपायरीनं शिकवलं होतं. पाप, पापाचं वेतन, वधस्तंभ, स्वीकार. मला वाटलं, हीच वेळ. तिनं देवाचं नाव काढलंय, दार उघडं आहे. मी त्या चार पायऱ्या तिला म्हणून दाखवल्या. अगदी मनापासून म्हणून दाखवल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, पदर पुढं ओढला आणि खाली बसली. तिचा चेहरा मिटत गेलेला मी पाहिला, आणि तरीही आपण आपलं काम केलं अशा समाधानात मी आत गेले.

ती काय विचारत होती? माझ्यामुळं झालं का, एवढंच. कुठल्या देवाला मानावं हा तिचा प्रश्नच नव्हता. ती स्वतःला नवऱ्याच्या आजाराची गुन्हेगार समजून दोन रात्री दाराशी बसली होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात हाच प्रश्न आहे. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? आणि येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. संडे स्कूलमध्ये असल्यापासून मला हा अध्याय पाठ होता. तिला त्या घडीला नेमकं जे वाक्य हवं होतं ते माझ्याजवळ होतं. ते मी दिलं नाही. उलट, आधीच अपराधाच्या ओझ्यानं वाकलेल्या बाईला मी पहिलं वाक्य ऐकवलं ते आपण सगळे पापी आहोत असं. तत्त्वज्ञान म्हणून ते खोटं नाही. पण त्या रात्री, त्या दाराशी ते क्रूर होतं. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर आले तेव्हा ती खाट रिकामी होती. पुढं काय झालं हे मला कधीच कळलं नाही.

आध्यात्मिक गरज म्हटलं की आमच्या मंडळ्यांत एकच अर्थ घेतला जातो: तारण, म्हणजे पापातून सुटका, झालंय की नाही. तो प्रश्न मोठा आहे, मी तो लहान करत नाही. पण माणसं आपली गरज त्या शब्दांत सांगत नाहीत. आजूबाजूला जरा कान देऊन फिरलं तर कोल्हापुरात ती वेगळ्याच भाषेत ऐकू येते. "कुणीतरी करणी केलीय" असं म्हणणारा माणूस भीती सांगत असतो. शत्रू कोण हे त्याला माहीत नसतं आणि आपला रक्षणकर्ता कोण हेही माहीत नसतं. "आता कशातच राम न्हाई" असं म्हणणारे निवृत्त मास्तर रंकाळ्याला फेऱ्या मारून थकत नाहीत, कारण घरी परत जाऊन बोलायला कुणी नसतं. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, रात्री आठला व्हिडिओ कॉल, आणि मग सकाळपर्यंत दूरदर्शन संच. चार एकर बागायत ऊस असलेला, पस्तिशी ओलांडलेला शेतकऱ्याचा मुलगा आपल्या भागात गावोगाव दिसतो. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही असं ठरून गेल्यामुळं तो एकटा राहिला आहे. लोक त्याच्यावर विनोद करतात. आपल्याला कुणीच निवडलं नाही, ही जखम तो कुणाला दाखवत नाही. मला ही जखम आध्यात्मिक वाटते. शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारा कामगार दिवसा झोपतो, सणाला झोपतो, पोरांच्या गॅदरिंगला झोपतो, आणि एक दिवस विचारतो की हे सगळं कशासाठी.

ही माणसं नास्तिक नाहीत. अंबाबाईच्या दाराशी चप्पल काढल्याशिवाय पुढं न जाणारं हे शहर आहे. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हाऊन "चांगभलं" म्हणणाऱ्यांच्या घशात जे दाटून येतं ते मी जवळून पाहिलंय. तेव्हा ख्रिस्ती माणसानं इथं कुणाला देव आहे हे सांगायला जाऊ नये. तो आहे हे इथल्या माणसाला चांगलं माहीत आहे. त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं ते हे, की देव आपल्यावर रागावलेला आहे की नाही, आणि आपली त्याला आठवण तरी आहे का. माझ्याकडे जे सांगण्यासारखं आहे ते नेमकं याच प्रश्नाला लागून आहे. पण तो प्रश्न त्याच्या तोंडून येईपर्यंत मला थांबता आलं पाहिजे.

येशू थांबतो. शुभवर्तमानं वाचताना मला आता हे जास्त दिसतं. रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतो आहे, त्याला काय हवं हे कुणीही सांगेल, तरी येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं? बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प एका परदेशी अधिकाऱ्याच्या रथाशेजारून धावतो आणि आधी एक प्रश्न करतो: आपण जे वाचता आहात ते आपल्याला समजतं का? मग त्या अधिकाऱ्यानंच त्याला रथात बोलावून शेजारी बसवलं. आणि शोमरोनी स्त्रीच्या विहिरीवर तर येशू आधी स्वतःसाठी मागतो. पाणी दे, म्हणतो. ज्यांच्या हातचं पाणी त्याच्या लोकांना चालत नव्हतं, तिच्याकडे मागतो. जिवंत पाण्याबद्दलचं बोलणं त्यानंतरचं आहे.

या प्रसंगाचा अर्थ कोल्हापूरकराला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळायला हवा. सार्वजनिक हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढायला मदत केली. पण गिऱ्हाईक यायला तयार नव्हतं. तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा पिऊ लागले. पैसे देऊन महाराज मोकळे झाले असते तर ती देणगी ठरली असती. त्यांनी कांबळ्यांच्या हातचा चहा घेतला, आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. देणाऱ्यानं घ्यायला शिकणं म्हणजे काय ते मला या गोष्टीनं जितकं समजलं तितकं फार थोड्या प्रवचनांनी समजलं.

आमचा कोल्हापुरातला इतिहासही याच अंगानं वाचावा असं मला वाटतं. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथं आले. शाळांवर त्यांचा मोठा भर होता. पुढं डॉ. विल्यम वॉन्लेस आले, आणि १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. आजही आजऱ्यापासून जतपर्यंतची माणसं त्याला "मिशन" एवढंच म्हणतात. मी ज्या घरांत जाते तिथं वायल्डरांचं एकही प्रवचन कुणाला माहीत नाही. पण "आमचं आज्जं मिशनमदनं वाचून आलं" हे वाक्य मी किती तरी वेळा ऐकलंय. माणसं काय लक्षात ठेवतात हे यावरून कळतं. मात्र इथंच थांबून नुसता अभिमान बाळगणं मला बरोबर वाटत नाही. औषधाच्या रांगेत बसवून प्रवचन ऐकवण्याची रीत त्या काळात अनेक ठिकाणी होती. सेवेआडून धर्मांतर करू नका, हा गांधीजींनी मिशनऱ्यांवर घेतलेला आक्षेप हवेतला नव्हता. ज्यांनी प्लेगात, दुष्काळात जीव धोक्यात घातले त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता आहे, माझं शिक्षणच त्यांच्यामुळं झालं. तरी ती रीत चुकीची होती असं मी म्हणते. ज्याला "नाही" म्हणायची सोय नाही, त्याच्यासमोर आपला विश्वास मांडू नये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हा मुद्दा आमच्यासमोर उघडावाघडा उभा राहिला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद, आंबेवाडी-चिखली पाण्यात. आम्ही काही जणांनी मिळून धान्य, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड, ब्लिचिंग पावडर यांची पाकिटं बांधली. एकानं सुचवलं, प्रत्येक पाकिटात येशूबद्दलची एक छापील पत्रिका घालूया, एवढी चांगली संधी पुन्हा यायची नाही. हेतू वाईट नव्हता. मी नको म्हणाले. कमरेएवढ्या चिखलातून तांदूळ घ्यायला आलेली बाई पत्रिका परत करू शकत नाही, म्हणून नको. वाद झाला. "मग आपल्यात आणि बाकीच्या संस्थांत फरक काय?" असा प्रश्न आला. मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. पत्रिका मात्र घातल्या नाहीत.

फरक काय ते मला नोव्हेंबरात समजलं. तोवर मदतीच्या गाड्या थांबल्या होत्या, भिंतींना ओल होती, आणि चिखलीतल्या एका घरी मी सहाव्या-सातव्या वेळेला गेले होते. म्हातारीच्या पायाची जखम भरत नव्हती, साखर होती तिला, पट्टी बदलायला जात होते. तिच्या सुनेनं चहा दिला. कप पुरात वाहून गेलेले, म्हणून स्टीलच्या वाटीत. मी पीत असताना तिनं विचारलं, "बाई, तुमचं हितं कोण पावनं हाय व्हय?" नाही म्हटलं. "मग का येताय?"

पेत्राच्या पहिल्या पत्रात एक वाक्य आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी "विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या." मराठी बायबलात हा विचारपूस शब्द फार नेमका पडला आहे. मी त्या घरात चार महिने विचारपूस केली होती. आता त्या घरानं माझी केली. मी चार-पाच वाक्यं बोलले असेन. माझे यजमान गेले तेव्हा कित्येक महिने माझ्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती, तेव्हा येशूची एकच ओळ धरून मी जगले: "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." तो विसावा मला खरोखर मिळाला, आणि ज्यानं तो दिला तो जिवंत आहे असं मी मानते. म्हणून येते. ती "असं व्हय" म्हणाली आणि वाटीत आणखी थोडा चहा ओतला. त्यानंतर दोनदा तिनं मला मुलाच्या नोकरीसाठी "तुमच्या देवाला सांगा" म्हटलं, आणि मी तिथंच, तिच्या ओट्यावर, मराठीत, दोन वाक्यांत सांगितलं. तिच्या देव्हाऱ्यात सगळे देव जिथल्या तिथं आहेत. गुऱ्हाळ सुरू झालं की ती मला गुळाची ढेप धाडते. हिशेबाच्या वहीत तिचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो रकाना असूही नये.

आता कायद्याबद्दल, थोडक्यात. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदानं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला. प्रसार हा शब्द ठेवावा की काढावा यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत वाद झाला, आणि शब्द राहिला. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ओडिशा आणि मध्य प्रदेशातले या विषयावरचे कायदे त्या निकालानं वैध ठरले. अनेक ख्रिस्ती विचारवंतांना हा निकाल सलतो. जबरदस्ती आणि आमिष यांच्या व्याख्या सैल ठेवल्या तर घरातली प्रार्थनाही गुन्ह्यात ओढता येते, ही त्यांची काळजी मला रास्त वाटते. अशा कायद्यांचा वापर करून निरपराध माणसांना त्रास दिला जाऊ नये, हे ठामपणे म्हणायलाच हवं. पण त्या निकालातल्या मूळ वाक्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याचं मन बदलण्याचा हक्क मला नाहीच. ते पवित्र आत्म्याचं काम आहे असं आम्ही दर रविवारी म्हणतो. मग एरवीही तसं वागलं पाहिजे.

आमिषाच्या आरोपाबद्दल मात्र एक गोष्ट बोलली जात नाही, ती बोलायला हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा तो दर्जा आणि त्याबरोबरच्या सवलती जातात. १९०२ साली ज्या संस्थानानं पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्या कोल्हापुरात सवलत जाणं म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. शिवाय रोटी-बेटी, भावकी, गावचा मान. म्हणजे इथं ख्रिस्ताच्या मागं जाणारा माणूस बहुधा काही तरी गमावूनच जातो. विश्वासाबद्दल सांगणाऱ्यानं ही किंमत लपवली तर तो फसवणूक करतो. "या, सगळं चांगलं होईल" असं मी कुणाला म्हणत नाही. घाई करू नका, घरच्यांशी बोला, असं म्हणते.

घरच्यांशी बोला, हे मी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या आयुष्यातून शिकले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात ताटातूट, अपमान, त्या माउलीचं मोडून पडणं. आमच्या मंडळ्यांत टिळकांच्या धैर्याचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे, पण बायकोला अंधारात ठेवून घेतलेल्या त्या पावलाची झळ कुणाला बसली हे आम्ही पटकन ओलांडून जातो. लक्ष्मीबाई शेवटी आल्या त्या स्वतःच्या पायांनी. जातीभेद माणसानं केला, देवानं नाही, हे त्यांना एके दिवशी आतून उमगलं. नवऱ्याच्या हजार युक्तिवादांनी ते झालं नव्हतं. टिळकांनाही हे कळत गेलं असावं. १९१७ साली त्यांनी "देवाचा दरबार" हा भक्तांचा मेळा काढला तेव्हा त्याचं दार बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना उघडं ठेवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा हा माणूस होता. त्याला पूल पाडायचा नव्हता.

आणि आम्ही? आम्ही अजूनही "तुमचं तारण झालंय का?" असं विचारतो आणि समोरच्याला वाटतं कर्जाबद्दल बोलणं चाललंय. अभंगाच्या, ओवीच्या, ओट्यावरच्या गप्पांच्या भाषेत येशूबद्दल बोलायला टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी शिकवलं होतं. आज आमची तरुण मुलं हिंदी-इंग्रजी गाण्यांतून उसने घेतलेले शब्द वापरतात. ते शब्द शेजारच्या काकूंपर्यंत पोचत नाहीत, आणि मुलांनाही त्यांत स्वतःचं रडणं रडता येत नाही.

माझ्या शेजारच्या वहिनींनी मला एकदा सरळ विचारलं होतं. त्यांचे वडील वारकरी, घरात चार पिढ्यांची माळ. "आमच्यात काय कमी दिसलं म्हणून तुम्ही येशूचं सांगता?" हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, कायद्याच्या आक्षेपापेक्षाही. यजमान गेले तेव्हा याच वहिनी तीन रात्री माझ्याजवळ झोपल्या होत्या. त्यांनी धर्माचं एक अक्षर काढलं नाही, पिठलं-भाकरी केली, आणि पहाटे हळू आवाजात हरिपाठ म्हणत बसल्या. त्या आवाजानं मला झोप लागली होती. त्यांच्यात काही कमी आहे हे मी कुठल्या तोंडानं म्हणणार? मी म्हटलं, वहिनी, कमी बघून सांगत नाही. मला जो भेटला त्याच्याबद्दल तुमच्याशीच बोलले नाही तर मी तुमच्यापासून सगळ्यांत महत्त्वाचं लपवलं असं होईल. त्या म्हणाल्या, "मग मी पण इठ्ठलाचं सांगणार." सांगा म्हटलं. आम्ही दोघी आजही सांगतो. सगळे मार्ग सारखेच असं मी त्यांना खूश करायला म्हणत नाही, कारण मला तसं वाटत नाही. येशू ख्रिस्त वेगळा आहे असं मी मानते. त्यांनाही माझं सगळं पटत नाही. पण आमच्या बोलण्यात एकदाही दार आपटलं गेलेलं नाही.

म्हणूनच गप्प राहण्याचा सल्लाही मला पटत नाही. आमच्या कॉलेजातल्या मुलांपैकी काही जण हल्ली गळ्यातला क्रॉस शर्टच्या आत टाकतात, रविवारी कुठं जातोस म्हटलं की क्लासला जातो म्हणतात. त्यांच्या भीतीमागची कारणं मी ओळखते, त्यांना दोष देत नाही. पण ज्या मित्राबरोबर तुम्ही तांबडा-पांढरा ओरपता, ज्याच्या गाडीवर मागं बसून जोतिबाच्या रस्त्यानं हिंडता, त्याला तुम्ही कशाच्या बळावर उभे आहात हे माहीतच नसेल, तर ती मैत्री अर्धीच आहे. त्याचे वडील अंथरुणाला खिळतील तेव्हा तो तुमच्याकडे येणार नाही, कारण तुमच्याकडे अशा वेळी उपयोगी पडणारं काही आहे हे तुम्ही त्याला कधी कळूच दिलं नाही.

बाहेरच्यांची गरज ओळखण्याच्या गोष्टी करताना आमच्या बाकांवर काय बसलंय तेही बघावं लागेल. गेल्या पावसाळ्यात मंडळीतली एक आजी सलग पाच रविवार आली नाही, हे सहाव्या रविवारी कळलं. ज्यांना आपल्या शेजारच्या बाकावरची रिकामी जागा दिसत नाही, त्यांना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांतलं काय दिसणार आहे?

त्या सभेनंतर मी पाळकसाहेबांना हे सगळं बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुढच्या महिन्याच्या सभेत अर्धा तास मला दिला. हात वर करायला सांगणार नाही असं मी ठरवलंय. प्रत्येकानं मंडळीबाहेरच्या एका माणसाबद्दल सांगायचं, तो कशानं दबून गेलाय आणि हे आपल्याला त्याच्या तोंडून कळलं की आपण नुसतं धरून चाललोय. पहिली मीच सांगणार आहे, पन्हाळ्याकडच्या त्या बाईबद्दल. तिच्या नवऱ्याची खाट सात नंबरची होती, दारापासून दुसरी. तिच्या पिशवीवर एका साखर कारखान्याचं नाव होतं. तिचं नाव मला सांगता येणार नाही. मी ते विचारलं नव्हतं.